सही जुळेना, बोट येईना

आमच्या चारकोपच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. पहिलं, वैशालीताई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, पण काय ते त्यांचं त्यांनाच माहीत. दुसरं, वायफाय बंद पडलं की त्यांना हाक मारावी. माझं निम्मं आयुष्य सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिण्यात गेलं, त्यातला बराच भाग जावास्क्रिप्टमध्ये, आणि वायफाय कसं दुरुस्त करतात ते मला आजही येत नाही. मी जाते, डबा बंद करते, थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने उभी राहते आणि परत चालू करते. बहुतेक वेळा तेवढ्याने चालतं, आणि माझी कीर्ती दोन मजले आणखी पसरते.

त्यामुळे या अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या क्षेत्रातला एखादा थरारक अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा मला हसूच फुटलं. थरारक! अहो, आमच्या कामात सगळं नीट चाललं तर काहीच घडत नाही. कोणी येऊन पाठ थोपटत नाही की बाबा, काल रात्री तुझा सर्व्हर पडला नाही हं, शाब्बास. पण एक दिवस असा आला होता. त्या दिवसाबद्दल मी गेली काही वर्षं नातेवाईक, शेजारी, रिक्षावाले, जो सापडेल त्याला पकडून बढाई मारते आहे. इथेही मारणार आहे. ज्यांना दुसऱ्याची बढाई सोसत नाही त्यांनी सरळ पाककृतींचं पान उघडावं.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढे कोणी अडणार नाही. समजा तुम्हाला गॅसचा सिलिंडर हवाय. एक पद्धत अशी की एजन्सीला सारखा फोन करायचा, "आला का हो? आला का?" दुसरी अशी की त्यांच्याकडे आपला नंबर देऊन ठेवायचा आणि म्हणायचं, "आला की तुम्हीच कळवा." या दुसऱ्या पद्धतीला आमच्यात वेबहुक म्हणतात. नंबराऐवजी आपल्या सर्व्हरवरचा एक पत्ता द्यायचा. समोरच्या कंपनीकडे काही घडलं की तिचा सर्व्हर त्या पत्त्यावर निरोप आणून टाकतो आणि उत्तराची वाट बघतो. आपण 'मिळाला' म्हणायचं. आपण नाही म्हटलं, किंवा गप्प बसलो, तर तो परत येतो. हे निरोप घेणं, खरे की खोटे ते बघणं आणि पुढचं काम चालू करणं, यावर मी आणि माझा भागीदार संदेश पोट भरतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. खाली पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, वर आम्ही. ग्राहकाचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलावं लागतं.

निरोप परत येतो म्हणजे काय गंमत होते, ते आम्हाला मढच्या एका बंगलेवाल्या अंकलनी शिकवलं. त्यांचा बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. बुकिंग एका वेबसाइटवर व्हायचं, तिथून निरोप आमच्याकडे, आणि आमचा प्रोग्राम मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला, स्वयंपाक्याला, सगळ्यांना मेसेज टाकणार. झकास चाललं होतं. चूक एवढीच की आमचा प्रोग्राम आधी सगळी कामं उरकायचा आणि मग सावकाश 'मिळाला' म्हणायचा. एकदा लग्नाच्या सीनचं बुकिंग आलं. यादी लांबलचक. वेबसाइटला वाटलं निरोप हरवला, तिने तोच परत पाठवला. सकाळी अंकलचा फोन.

"वैशाली, माझ्या अंगणात एक नवरा आणि दोन घोडे आहेत."

"अंकल, म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दोन जनरेटर, दोन मंडपवाले आणि दोन घोडे! मंडपवाले भांडतायत आणि घोडे एकमेकांकडे बघतायत. यातला कुठला तुझा ते येऊन सांग."

मी गेले नाही, फोनवरच पाय धरले. त्या दिवसापासून आम्ही नियम केला: निरोप आला की आधी 'मिळाला' म्हणायचं, काम मग करायचं. आणि प्रत्येक निरोपाला पाठवणाऱ्याचा एक क्रमांक असतो, तो आधी येऊन गेलाय का ते बघायचं. गेला असेल तर दुसरा घोडा मागवायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. मनोरीच्या बाजूच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम आमच्याकडे आलं. तिथल्या अध्यक्ष जुलियाना बाय. साठीच्या आसपास, आवाज असा की खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला नावानिशी हाक मारतील. त्यांच्या बोटींवर एका परदेशी कंपनीच्या पेट्या बसवलेल्या. पेटीवर एक लाल बटण. बोट अडचणीत आली, मोबाइलची रेंज नाही, वायरलेस मेला, की बटण दाबायचं. पेटीतला निरोप उपग्रहातून त्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून वेबहुकने आमच्याकडे, आणि आमच्याकडून सोसायटीच्या कचेरीतल्या भोंग्याकडे. भोंगा वाजला की स्क्रीनवर बोटीचं नाव आणि ठिकाण. नकाशावर सगळ्या बोटी बघायची सोय कंपनीकडे होती, पण ती महाग योजनेत. सोसायटीने साधी घेतली होती. तिच्यात फक्त निरोप यायचा.

मी मूळची बुलढाण्याकडची. म्हणजे माझे वडील तिथून आले. आमच्या घरात समुद्राशी संबंध म्हणजे रविवारी मार्वेला जाऊन भेळ खाणे. आणि पाण्यावर गेलेली माणसं परत येण्याचं काम माझ्याकडे! पहिल्या बैठकीत जुलियाना बायनी मला खालून वर न्याहाळलं.

"पोहता येतं का गो पोरी?"

"नाही."

"बरं झालं. म्हणजे नीट काम करशील."

आमच्या कामाला पहिला धक्का बसला तो खोट्या निरोपाचा. आमच्या सर्व्हरवरचा तो पत्ता कुठल्यातरी टवाळाला सापडला. त्याने हाताने एक निरोप बनवून टाकला: बोट बुडते आहे, या ठिकाणी. तेव्हा आम्ही येईल तो निरोप खरा मानत होतो. भोंगा वाजला. दहाबारा बोटी हातातली जाळी टाकून धावल्या. बोट चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा हात दोरात अडकून मोडला. तिथे बोट नव्हतीच. जुलियाना बायनी आम्हाला बोलावून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, पण त्या हळू बोलल्या.

"आज सगळे गेले. दुसऱ्यांदा खोटं निघालं तर अर्धे जातील. तिसऱ्यांदा माझा नवरा खरंच बुडत असेल तरी कोणी जाणार नाही. मग ती पेटी ठेवू कशाला? नांगराला बांधायला?"

त्या आठवड्यात आम्ही दारावर तपासणी बसवली. ती अशी. आम्हाला आणि त्या कंपनीला एक गुप्त किल्ली माहीत असते, म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ. निरोप पाठवताना कंपनी निरोपाचा मजकूर आणि किल्ली मिळून एक गणित करते आणि त्याचं उत्तर निरोपासोबत पाठवते. ती तिची सही. आम्ही आमच्याकडे तेच गणित करतो. उत्तर जुळलं तर निरोप खरा, नाही जुळलं तर दार बंद. या गणिताची खोड अशी की मजकुरात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी उत्तर पार बदलतं. त्यामुळे किल्ली नसलेल्या टवाळाने कितीही डोकं आपटलं तरी सही जमत नाही. आणि तो आपटत होताच. रोज त्याचे खोटे निरोप येत, रोज आमचा सर्व्हर त्यांना हाकलून देई. संदेशने ही तपासणी एका बैठकीत लिहिली. आम्ही बटणं दाबून चाचण्या घेतल्या, सगळ्या उत्तम झाल्या. मग पावसाळ्याची बंदी लागली आणि बोटी किनाऱ्यावर आल्या.

नारळी पौर्णिमा होऊन दोनचार दिवस झाले असतील. बोटी नव्याने समुद्रावर जायला लागल्या होत्या. चहाच्या वेळेला संदेश खुशीत होता.

"वैशू, बघ तुझा टवाळ मित्र परत आलाय. सकाळपासून हाकलला जातोय."

मी पडद्यावर बघितलं. आमचा सर्व्हर कोणाला आत घेतलं, कोणाला हाकललं, त्याची नोंद ठेवतो. हाकललेल्यांचा मजकूर आम्ही ठेवत नसू, उगाच कचरा. फक्त वेळ आणि क्रमांक. टवाळाचे नेहमीचे होतेच, एकामागोमाग एक, धडाधड. पण त्यांच्या मध्येमध्ये एक वेगळाच होता, चार वेळा आलेला. चारही वेळा क्रमांक तोच. पहिल्यांदा हाकलल्यावर तो लगेच आला. मग थोडं थांबून आला. मग त्याहून जास्त थांबून. मग चांगलाच वेळ घेऊन.



"संदेश, हा तो नाहीये."

"अगं सही जुळत नाहीये त्याची. चारही वेळा."

"नसू दे. चाल बघ त्याची. टवाळ कधी थांबतो का रे? तो दार बडवतो. हा दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून येतोय. असं कोण येतं?"

संदेशने चहाचा कप खाली ठेवला. असं खऱ्या कंपनीचा सर्व्हर येतो. समोरचं दार उघडलं नाही तर त्याला वाटतं समोरच्याकडे काही बिघाड असेल, वेळ देऊ, आणि तो दर वेळी अंतर वाढवतो. हे शहाणपण खोटा निरोप टाकणाऱ्याकडे नसतं.

"वाट लागली," संदेश म्हणाला. "म्हणजे कोणीतरी खरंच बटण दाबलंय."

आणि आमचाच सर्व्हर त्याला सकाळपासून हाकलत होता! मी जिन्यात पळाले आणि जुलियाना बायना फोन लावला. काय झालंय ते सांगितलं. 

"कुठली बोट?"

"माहीत नाही, बाय. हाकललेल्या निरोपाचा मजकूर आम्ही ठेवतच नाही."

"कुठे आहे?"

"तेही नाही."

"बऱ्याच बोटी बाहेर आहेत," त्या म्हणाल्या. "वारा वाढलाय. अंब्रोजची बोट आतापर्यंत रेंजमध्ये यायला हवी होती, फोन लागत नाही. पण तो कधीकधी उशीर करतो." अंब्रोज म्हणजे त्यांचे यजमान. मग त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "ऐक. मला एवढंच सांग, खरं की खोटं. आणि कुठे. तू 'खरं' म्हण, मी भोंगा वाजवते, सगळे सुटतील. 'वाटतं बाय, बहुतेक बाय' असलं काही मला नको."

मी वर आले तर संदेश कीबोर्डवर बोटं ठेवून तयार.

"तपासणी काढून टाकतो. एक ओळ आहे. तो परत आला की सरळ आत."

"आणि टवाळ?"

"त्याचं मग बघू ना यार!"

"मग कधी? तो आत्ता, या मिनिटाला दार बडवतोय. तपासणी काढलीस की पहिला आत तो येणार. पाच खोटी ठिकाणं आणि एक खरं. बोटी कुठे पाठवू? सांग ना, कुठे पाठवू?"

मी ओरडले. खालची मशीन चालू होती तरी खालून कोणीतरी वर बघितलं म्हणे. संदेश माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, तो ओरडला नाही. म्हणाला, "कंपनीच्या कागदात लिहिलंय, काही वेळा प्रयत्न करून ते निरोप सोडून देतात. पुढचा शेवटचा असू शकतो."

कंपनीला आम्ही ईमेल टाकला होता. 'आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं. मी त्या यंत्राला मराठीत जे काही म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आता डोकं चालवणं भाग होतं. निरोप खरा, कंपनी खरी, किल्ली तीच, मग सही का जुळत नाही? चाचण्यांना जुळत होती. तेव्हा आणि आत्ता यात काय बदललं? आमच्या बाजूने एक अक्षर बदललं नव्हतं. मी जिन्यात जाऊन परत जुलियाना बायना फोन लावला.

"बाय, बंदी लागल्यापासून पेट्यांमध्ये काही बदललं का? नवीन पेटी, नवीन बोट, काही पण?"

"काही नाही गो. पौर्णिमेच्या आधी बोटी रंगवल्या, नावं घातली, नारळ सोडला."

"नावं? बोटीवर ना?"

"बोटीवर तर दर वर्षी घालतो. या वर्षी पेटीची पण घातली. पोरांनी त्या वेबसाइटवर इंग्रजीत काय वाटेल ते लिहून ठेवलेलं. मी म्हटलं, बोटीवर जे नाव तेच पेटीवर, मराठीत. सगळी बदलून घेतली."

मी फोन न ठेवताच वर पळाले.

कसं असतं बघा. निरोप येतो तो एका सलग मजकुराच्या रूपात. आमच्या प्रोग्राममध्ये दाराशीच एक ओळ होती, जी आलेला प्रत्येक निरोप आधी उघडून, आतल्या गोष्टी सुट्या करून ठेवते. बहुतेक सगळे जावास्क्रिप्टवाले ती ओळ डोळे मिटून लिहितात. संदेशची तपासणी त्या ओळीच्या नंतर होती. म्हणजे सही तपासायची वेळ येई तोवर मूळ कागद हातात नसे. मग त्याने काय केलं, तर सुट्या केलेल्या गोष्टींवरून निरोप परत लिहून काढला आणि त्या प्रतीवर गणित केलं. इंग्रजी नावं होती तोवर प्रत मुळाबरहुकूम निघायची, सही जुळायची, आम्ही खूश. पण ती परदेशी कंपनी मराठी अक्षर अक्षर म्हणून पाठवत नव्हती. ती प्रत्येक अक्षराच्या जागी एक सांकेतिक आकडा लिहायची. आमचा प्रोग्राम तो आकडा ओळखून छान देवनागरी अक्षर करायचा आणि प्रत काढताना देवनागरीच लिहायचा. अर्थ तोच, पण कागद वेगळा. आणि गणिताला अर्थ कळत नाही, त्याला कागद कळतो. मराठी नावाच्या एकूण एक बोटीची हाक आमच्या दारातून परत जाणार होती.

"संदेश, जुनी चाचणी काढ. तिच्यात मराठी नाव घाल, त्यांच्यासारखं आकड्यांत. सही कर आणि पाठव."

त्याने पाठवला. हाकलला गेला. नाव इंग्रजीत करून पाठवला. आत आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग संदेशने स्वतःच्या कपाळावर अशी काही चापट मारली की मला वाटलं आता याला दवाखान्यात न्यावं लागतंय.

दुरुस्ती छोटी होती. या एका पत्त्यावर येणारा निरोप आधी उघडायचा नाही. आला तसा, बाइटन् बाइट, मूळ कागद हातात घ्यायचा, सही त्याच्यावर तपासायची, जुळली तरच उघडायचा. संदेश टाइप करत होता, मी त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर वाचत होते. घाईत नवीन घोळ घालणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, त्यांतली दोन आरशात. मराठी नावाची चाचणी आत आली. इंग्रजी नावाची आत आली. चुकीच्या किल्लीची हाकलली गेली. सर्व्हरवर चढवलं.

आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. त्याने परत यायला हवं होतं. तो आमच्या हातात नव्हता. संदेश उभा, मी बसलेली, पडद्यावर नोंदी सरकतायत. टवाळ आला, हाकलला. परत टवाळ, हाकलला. फोन कानाला, पलीकडे जुलियाना बाय. मी देवाधर्माच्या वाटेला फारशी जात नाही, आमच्या घरात ती रीत नाही. पण त्या वेळी मी त्या परदेशातल्या निर्जीव सर्व्हरची मनोमन विनवणी करत होते. ये रे बाबा. एकदाच ये. दार उघडं आहे, तुला कोणी काही बोलणार नाही.

तो आला. तोच क्रमांक. सही जुळली. पडद्यावर देवनागरीत नाव उमटलं: सांजतारा. त्याच्याखाली ठिकाण.

"बाय, खरं आहे!" मी एवढ्या जोरात किंचाळले की खालची मशीन थांबली. "खरं आहे! सांजतारा!"

पलीकडून आधी भोंग्याचा आवाज आला. आमचा भोंगा! मग जुलियाना बायचा, आणि तो पहिल्यांदाच जरा हलला.

"ती आमचीच," त्या म्हणाल्या. "अंब्रोजची."

एवढं बोलून त्यांनी फोन आपटला आणि माणसं हाकायला बाहेर पडल्या. किती बोटी गेल्या असतील? मी नंतर विचारलं तेव्हा सगळे हसले. कचेरीच्या आसपास जी तरंगत होती ती प्रत्येक बोट गेली. हात मोडून घेतलेला तो तांडेलसुद्धा. खोट्या भोंग्यामुळे कोणी जाणार नाही अशी भीती होती ना? सगळे गेले, कारण जुलियाना बाय धक्क्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीने खरं म्हणून सांगितलंय." एवढ्यावर गेले! माझ्या आयुष्यात मला पुरस्कार मिळालेला नाही, मिळणारही नाही. मला नको आहे. मला हे मिळालंय.

त्या कंपनीचं माणसाने लिहिलेलं उत्तर पुढे केव्हातरी आलं. त्यात सल्ला होता की अडचण टाळण्यासाठी बोटींची नावं इंग्रजीतच ठेवावीत. मी तो जुलियाना बायना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "त्यांना लिही, बोट आमची, समुद्र आमचा, नाव काय ठेवायचं ते पण आम्हीच ठरवू. सही बघायचं काम तुझं, ते तू केलंस. विषय संपला." मी शब्दशः तेच लिहिलं, जरा सभ्य इंग्रजीत. त्यानंतर आम्ही बाकी सगळ्या ग्राहकांच्या दारावरच्या तपासण्या उघडून बघितल्या. दोन ठिकाणी हाच घोळ निघाला, फक्त तिथे अजून कोणी मराठी नाव टाकलं नव्हतं. आता नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला पहिल्या दिवशी विचारते, सही कशावर तपासशील? प्रतीवर म्हणाला की त्याचा चहा बंद.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. काम संपल्यावर मला गाळ्यात बसवेना. मी मार्वेला गेले, तरीच्या बोटीने खाडी ओलांडून पलीकडे उतरले आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले. ऊन अजून होतं. अर्धं गाव जमलेलं. सांजतारा दुसऱ्या बोटीला बांधून येत होती, नव्या रंगात, पुढच्या बाजूला नाव झकास रंगवलेलं. मशीन सकाळीच बंद पडलेली, नांगराचा दोर तुटलेला, वाऱ्याने बोट मोठ्या जहाजांच्या वाटेकडे चाललेली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते कोणी बोललं नाही. अंब्रोजकाका आणि दोन खलाशी उतरले. जुलियाना बायनी आधी नवऱ्याला सणसणीत शिवी घातली, मग त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

मला बघून काका जवळ आले. मला एक गोष्ट खात होती, ती मी विचारली.

"काका, तुम्ही बटण किती वेळा दाबलंत?" सगळ्या निरोपांचा क्रमांक एकच होता, म्हणून.

"एकदा."

"एकदाच? सकाळपासून कोणी आलं नाही, तरी परत नाही दाबलंत?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "पेटीची चाचणी घेताना तूच सांगितलेलंस ना, काका, एकदा दाबा, आम्ही येतो? मग परत कशाला दाबू? पोरं घाबरलेली. मी म्हटलं, दाबलंय, ते येतायत. तोवर जेवून घ्या."

मी त्यांच्या मागे बोटीत बघितलं. भाताचा टोप घासून, पालथा घालून उन्हात ठेवला होता.